पाठमोऱ्या आठ मात्रा

बॅलेवर भाषण द्यायला उभी राहिले की माझी तीन वाक्यं ठरलेली असतात. पहिलं, हा नाच राजवाड्याच्या दिवाणखान्यात वाढला. राजा समोर बसायचा, म्हणून आम्ही अजूनही समोर तोंड करून नाचतो. लोक माना डोलावतात. दुसरं, हा नाच कागदावर पुरता उतरत नाही, तो एका अंगातून दुसऱ्या अंगात जातो. यावर टाळ्या पडतात. तिसरं, 'निरोप' मला थोरल्या बाईंनी स्वतः शिकवला. हे तिसरं खोटं आहे. एकतीस वर्षं मी ते बोलते आहे आणि एकदाही माझी जीभ अडखळली नाही.

'निरोप' हा आमच्या संस्थेचा मानाचा नाच. घर सोडून निघालेली एकटी बाई, मागे आठ जणींची रांग, सगळा मिळून सहा मिनिटांचा खेळ. बसवला आणि माझ्या आधी नाचला थोरल्या बाईंनी. तो एका वेळी एकीकडेच असतो. पुढच्या मुलीला द्यायच्या दिवशी देणारीने सगळ्या संस्थेसमोर उभं राहून सांगायचं, मला हा कुणी शिकवला. घेणारीने ते शब्द जसेच्या तसे म्हणायचे आणि मगच लोकांसमोर पहिलं पाऊल टाकायचं. पुढे तिने कुणाला दिला, की ही सगळी माळ पुन्हा म्हणायची.

माझं नाचणं सुटून नऊ वर्षं झाली होती. तरी 'निरोप' मी कुणाला दिला नव्हता. सवड नव्हती असं सांगायचे. खरं तर मन नव्हतं. यंदा संचालकांनी हात जोडले तेव्हा कुठे द्यायला तयार झाले, तोही माझ्या बहिणीच्या मुलीला. वशिला नाही हो. पोरगी माझ्यापेक्षा सरस आहे, आणि हे मी काही सुखासुखी लिहीत नाहीये.

घोळ झाला तो नव्या सभागृहामुळे. तिथे मध्ये रंगमंच आणि चारी बाजूंनी प्रेक्षक. तालमीच्या तिसऱ्या दिवशी भाची मध्येच थांबली.

"मावशी, इथे पाठ फिरवल्यावर आठ मात्रा आहेत. त्यात काय करायचं?"

"पाठ फिरवायची."

"अगं, ती फिरवली. नजर कुठे ठेवू? आता मागूनही लोक बघणार."

मी पाणी प्यायला निघून गेले. खरं उत्तर असं होतं, की त्या आठ मात्रांत मी बावीस वर्षं नुसता दम खाल्ला. नाच तिथवर जोरात येऊन एकदम थांबतो, भाता फुटायची वेळ आलेली असते, आणि लोकांना दिसते फक्त पाठ. मी डोळे मिटून, तोंड उघडून श्वास घ्यायचे आणि नवव्या मात्रेला पुन्हा शोकमग्न होऊन वळायचे. एका समीक्षकाने माझ्या त्या पाठीवर अख्खा परिच्छेद लिहिला होता. मी तो कापून ठेवला आहे.

विचारणार कुणाला? थोरल्या बाई कधीच गेल्या. आणि त्यांनी मला शिकवलं होतंच कुठे? त्यांचे गुडघे तेव्हा कामातून गेले होते. खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघायच्या आणि म्हणायच्या, "शेपटाला विचार." शेपूट म्हणजे रांगेतली आठवी, डावीकडची शेवटची. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, तरी सगळे तिला शेपूटच म्हणायचे, मीसुद्धा. अकरा वर्षं मागे उभं राहून तिला 'निरोप' पाऊल न् पाऊल पाठ झाला होता. चार महिने ती तालीम संपल्यावर थांबून मला शिकवत होती. त्या आठ मात्रांपाशी आलो की म्हणायची, "हे सगळ्यात शेवटी सांगते."

शेवट यायच्या आत माझी निवड जाहीर झाली. वार्ताहराने विचारलं, कुणाकडून शिकलात? शेपूट चार पावलांवर उभी होती, हातात माझाच टॉवेल. मी म्हणाले, थोरल्या बाईंकडून. रांगेतल्या शेवटच्या बाईकडून शिकले म्हणायला मला कमीपणा वाटला. एवढंच. याहून मोठं कारण असावं म्हणून खूप शोधलं, सापडलं नाही. त्यानंतर मी तिच्याकडे शिकायला गेले नाही. तीही पुढे आठ वर्षं माझ्या मागे रांगेत उभी राहिली आणि मग संस्था सोडून गेली.

आता ती एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत राहते आणि कपड्यांना काजं-बटणं करून देते. मी भर दुपारी जिना चढले. तिने दार उघडलं, चष्मा कपाळावर सरकवला.

"ये की. पाय धड आहेत ना अजून?"

"ताई, एक विचारायचं होतं."

"ताई काय? शेपूटच म्हण. आता कुणी म्हणतही नाही."

मी मात्रांचं विचारलं. तिने टेबलावरच्या पँटी बाजूला सारल्या, डब्यातून आठ बटणं काढून ओळीत मांडली आणि दोन बोटं त्यांच्यासमोर उभी केली.

"ही तू. हे प्रेक्षक तुझ्या पाठीशी. आणि या आम्ही. थोरल्या बाई वळायच्या आणि आमच्याकडे बघायच्या, एकेकीकडे एकेक मात्रा. घर सोडून चाललेली बाई घरच्यांकडे नाही बघणार, तर कुणाकडे? आठ जणी, आठ मात्रा. शेवटची मी."

"पण ते कुणाला दिसायचं नाही."

"आम्हाला दिसायचं ना."

मी एकेका बटणावर बोट ठेवत आठपर्यंत मोजलं.

"तू डोळे मिटायचीस," ती म्हणाली. "आधी वाटलं, तुझी वेगळी काही रीत असेल. मग म्हटलं, दमते पोरगी."

यात टोमणा असता तर मी भांडले असते. भांडण मला छान जमतं. टोमणा नव्हता. मी बावन्नाव्या नव्हे, पंचावन्नाव्या वर्षी शाळकरी मुलीसारखी खाली मान घालून बसले. वयातसुद्धा मी तीन वर्षं चोरते, ही आणखी एक सवय.

निघताना म्हटलं, "शुक्रवारी नाच द्यायचा आहे. तू ये."

"नको गं. मी समोर असले की तुला नेहमीचं बोलायला अवघड जाईल."

शुक्रवारी सगळी संस्था जमली. भाची माझ्यासमोर, तिच्या मागे आठ मुलींची रांग. मी तोंड उघडलं आणि जीभ आपल्या वाटेने निघाली: "मला हा नाच थोरल्या..." तिथेच थांबले. दरवाजाकडे पाहिलं. ती आली नव्हती. मी नेहमीचं बोलले असते तर कुणी अडवलं नसतं.

"मला हा नाच रांगेतल्या आठवीने शिकवला," मी म्हणाले आणि शेपटाचं पूर्ण नाव घेतलं. "मी एकतीस वर्षं खोटं सांगितलं. आठ मात्रांत तिच्याकडे एकदाही बघितलं नाही."

संचालक आपल्या बुटांकडे बघू लागले. आता रीतीप्रमाणे भाचीने म्हणायचं होतं, जसंच्या तसं. तिने माझ्याकडे पाहिलं. सोडून देऊ का, असं डोळ्यांनी विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. मग माझ्या बहिणीच्या पोरीने स्वच्छ आवाजात सगळ्यांसमोर म्हटलं, मी एकतीस वर्षं खोटं सांगितलं. पुढे ती ज्या मुलीला नाच देईल तिलाही हे म्हणावं लागेल, आणि तिच्यानंतरच्या मुलीलाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा जिना चढले आणि शेपटाची माफी मागितली. तिने ऐकून घेतलं. बटणांचा डबा पुढे ओढून पुन्हा आठ मांडली, त्यातली चार उचलून डब्यात टाकली. एक स्वतःकडे सरकवलं. तीन राहिली.

"माझं झालं," ती म्हणाली. "या तिघी आहेत अजून. पत्ते देते, लिहून घे."

मी पर्समधून पेन काढलं. आठ वर्षं या बायका रोज माझ्या पाठीशी उभ्या होत्या. पहिल्या बटणापाशी मला तिचं नाव विचारावं लागलं.