चंद्रावरचा नवा डाग

दंतवैद्याचा दिवस लोकांच्या तोंडातले खड्डे बघण्यात जायचा आणि संध्याकाळ चंद्रावरचे. चंद्रावरचे त्याला जास्त आवडत. ते बुजवावे लागत नसत. मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली त्याची दुर्बीण उभी असे. तिचा आरसा त्याने स्वतः घासून घडवला होता. त्या हिवाळ्यात बायकोने घरभर पसरलेली भुकटी आणि नवरा, दोन्ही सहन केले.

एका संध्याकाळी चंद्राच्या ऐन मध्यावर एक करडा डाग आला. चंद्राला डाग असतात, पण हा नेहमीच्यांपैकी नव्हता. ज्या खड्ड्याकडे बघावं, नेमका तोच गायब.

दंतवैद्याने डोळ्याजवळची आयपीस पुसली, फिरवली, शेवटी बदलली. डाग ढिम्म. मग उरला आरसा. आता, आरशावरचा डाग चंद्रावर उमटत नाही, चित्र फार तर जरा मंद होतं, हे तो आल्यागेल्याला न विचारता समजावत आला होता. या वेळी मात्र त्याने स्वतःच्याच ज्ञानाकडे कानाडोळा केला. कारण आरसा निर्दोष सुटला तर पकडायला फक्त त्याचा दुर्बिणीला लावायचा उजवा डोळा उरत होता, आणि आंधळ्या दंतवैद्यासमोर कोण तोंड उघडणार?

खात्रीसाठी त्याने बायकोला बोलावलं. दवाखान्यात लाळ ओढायची नळीही तीच धरायची. ती वाकली, बराच वेळ बघत राहिली.

“आहे हो डाग,” ती म्हणाली. “आरसाच मळला असेल.”

त्याला इतका आनंद झाला की त्याने तिला स्वतः चहा करून दिला. मग आरसा काढला, धुतला, आणि उत्साहाच्या भरात असा पुसला की त्यावर आडवा ओरखडा उठला. परत बसवल्यावर डाग होता तिथेच होता. तब्येत जरा सुधारल्यासारखी वाटली, डागाची.

पुढच्या अष्टमीला दिवेलागणीला मेहुणा आला. तो गाडी चालवायला शिकवायचा आणि गळ्यात सदैव बायनॉक्युलर लटकवायचा. दुर्बीण म्हणजे नसता खटाटोप, असं त्याचं मत. बायनॉक्युलर म्हणजे चंद्राची उडती ओळख, असं दंतवैद्याचं. त्या दिवशी मात्र त्याने ते निमूट मागून घेतलं. चंद्र लख्ख दिसला. डागाचं नाव नाही.

दंतवैद्य विजयी मुद्रेने म्हणाला की बघ, दोष दुर्बिणीतच आहे. मेहुण्याने दुर्बिणीला डोळा लावला.

“स्वच्छ तर आहे, भावोजी. कसला दोष?”

दंतवैद्याने पुन्हा बायनॉक्युलर उचललं आणि या वेळी डाव्या भिंगावर तळहात ठेवला. डाग हजर झाला.

मेहुण्याला अचानक कुठेतरी जायचं असल्याचं आठवलं. गेटची कडी वाजली. बायको दोरीवरचे कपडे काढत होती, त्यातले काही अजून ओले होते.

“तुला कधीपासून माहीत आहे?”

“त्या शिक्षिकेची किडकी दाढ सोडून शेजारची कोरलीत ना, तेव्हापासून.”

त्याने खुर्ची शोधली. म्हणजे हल्ली ती नळीच्या टोकाने प्रत्येक दात हळूच दाखवायची, ते उगाच नव्हतं. त्याला वाटायचं, बाईला कामात रस वाटू लागला.

“तिला काय सांगितलंस?”

“तीही किडली होती म्हणाले. तुम्हालाही तेच सांगितलं. आणि आरशाचंही काहीतरी सांगायला हवंच होतं.”

“अगं, दुसरा डोळा आहे की,” तो म्हणाला आणि उठला. इतकी वर्षं डावा डोळा दुर्बिणीजवळ नुसता मिटून बसलेला. त्याने तो प्रथमच लावला. डाग नव्हता. खड्डे, डोंगर, त्यांच्या सावल्या, सगळं जागच्या जागी. फक्त उजेड आणि अंधार यांच्या मधली रेघ, जी अष्टमीला पट्टीने आखल्यासारखी सरळ असते, ती मध्यावर किंचित आत वळली होती. त्याने डोळा चोळून पाहिलं. वळलेलीच होती.

“दिसतंय ना नीट?” बायकोने विचारलं.

“रेघ वाकलीय. म्हणजे हाही डोळा...”

या वेळी तिने आरशाला दोष दिला नाही. कपड्यांचा ढीग छातीशी धरून ती आत गेली. थोड्या वेळाने खिडकीतून तिचा फोनवरचा आवाज यायला लागला. ती एका पेशंटला सांगत होती, डॉक्टर बाहेरगावी गेलेत, उद्याचं जमणार नाही. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

“नाही हो,” ती म्हणाली, “परत कधी येणार ते काही बोलले नाहीत.”

मग तिने पुढच्या पेशंटला फोन लावला.