साळूबाईंची सतरंजी

मुळशीहून ताम्हिणी घाट उतरून दिवेआगरला पोहोचेपर्यंत गाडी कुठे थांबायची आणि खिडकीशी कुणी बसायचे, हे सारे साळूबाईंनीच ठरविले होते. घरात त्यांचा शब्द आजवर कुणी खाली पडू दिला नव्हता. जेवणाची सतरंजीही त्यांनी लाटांना अगदी लागून अंथरविली.

“आत्याबाई, जरा मागं सरकूया. भरती यायची हाय,” सून रेश्मा म्हणाली.

“आमचा जन्म धरणाच्या कडंला गेला. पाऊस न्हाई, मग पाणी चढंल कशानं?”

“आई, हितं धरणासारखी दारं न्हाईत,” मुलगा किशोर हसला.

“मग पाणी सुटंल कुठनं? जागचं हलायचं न्हाई!”

पहिली भाकरी मोडते न मोडते तोच एक लाट सतरंजीला शिवून गेली. दुसरीने पिठल्याचे पातेले हलविले. किशोर आणि रेश्मा ताटे उचलून उभे राहिले. साळूबाईंची मांडी मात्र मोडेना. आता उठणे म्हणजे सुनेपुढे हार मानणे, आणि ती गोष्ट संध्याकाळपर्यंत साऱ्या भावकीत पोहोचणार, हे त्या पुरते जाणून होत्या. तिसऱ्या लाटेने नऊवारी गुडघ्यापर्यंत भिजविली.

“आता तरी उठता का?” रेश्माने हसू दाबीत विचारले.

साळूबाईंनी पदर सावरला. “कशापायी? समुद्र पाया पडाय आलाय. आशीर्वाद बसूनच द्यायचा असतोय.”

रेश्माने त्यांच्या शेजारी पाण्यातच बसकण मारली. “पर त्याच्या घरचं खटलं लई मोठं दिसतंय, आत्याबाई. समदी पाया पडस्तवर बसावं लागंल.”

“बसू की. तवर माझं ताट दे.”