शंभर अंशाचं पाणी

कुंडलिक सरांनी कोरा फळा पुन्हा एकदा पुसला आणि डस्टर खिडकीच्या कठड्यावर आपटलं. आज त्यांना मिळण्यासारखं बरंच होतं. त्यांचं भौतिक रसायनशास्त्राचं पुस्तक विद्यापीठानं लावलं, की जिल्ह्यातल्या प्रत्येक कॉलेजात दुसऱ्या वर्षाची मुलं ‘कुंडलिक काढा’ म्हणणार होती, जशी आजवर परक्या लेखकांची नावं घेऊन म्हणत आली. जुन्नरच्या कॉलेजात उभी हयात शिकवून जे हाती लागलं नव्हतं, ते एका दुपारी लागणार होतं, आणि तेही सरांनी स्वतः तोंड न उघडता. बोलायचं होतं ते मुलांनी.

विद्यापीठाच्या पाठ्यपुस्तक समितीतल्या डॉ. वैजयंती पुण्याहून आल्या होत्या आणि पहिल्या बाकाशेजारी खुर्ची ओढून बसल्या होत्या. पुस्तकाबद्दल मुलांची लेखी मतं सगळीकडून सारखीच येतात, म्हणून त्यांना तोंडी ऐकायचं होतं. सरांनी ही सोय आधीच लावली होती. पंगतीत वाढप्यांना एकेक पदार्थ वाटून द्यावा, तसं तीन मुलांना एकेक वाक्य वाटून दिलं होतं.

इंद्रायणीकडे भाषा होती.

“पुस्तकाची भाषा सोपी व सुबोध आहे,” ती उभी राहून म्हणाली आणि बसली. पुढचं ऐकायला मॅडमनी मान वरच ठेवली होती. पुढचं नव्हतं.

लोणीच्या स्वराजकडे आकृत्या होत्या. पण मॅडम हसून “मोकळेपणानं सांग रे” म्हणाल्या, आणि तो खरंच मोकळा झाला.

“मॅडम, पुस्तक लई भारी आहे. आधीचं पुस्तक असलं जाड व्हतं, की उशाला घेतलं तरी मान दुखायची. यात प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी मराठीत समजावलंय. एन्ट्रॉपी म्हंजे काय असती, ते मला आत्ता कळलं राव... म्हंजे, मॅडम.”

वर्ग हसला. सरही हसले.

“आन् प्रॅक्टिकलला तर टेन्शनच नाय. रीडिंग काय यायला पायजे, ते पुस्तकात छापलंय. कुणाचंच चुकत नाय.”

सरांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. फक्त त्यामागचा माणूस उठून गेला.

“तुझं पाणी किती अंशाला उकळलं?” मॅडमनी विचारलं.

“शंभर. सगळ्यांचंच शंभर. फिक्स.”

मॅडमनी पुस्तक उघडलं. पाण्यात मीठ घातल्यावर उत्कलनबिंदू किती वाढतो, त्याचा तक्ता त्यांनी शोधून काढला. अगदी वर शुद्ध पाण्याचा आकडा होता, शंभर. तक्त्याखाली तिरप्या अक्षरांत छापलं होतं: आमच्याच प्रयोगशाळेतील निरीक्षणे, कु. प्राची, पिंपरी पेंढार.

“प्राची कोण?”

प्राची उठली. स्थानिक आकडेवारीबद्दलचं तिसरं वाक्य तिच्याकडेच होतं. शिवाय आज तिचं स्वतःचंही काही अडकलेलं होतं. मॅडम दर उन्हाळ्यात आपल्या प्रयोगशाळेत बाहेरच्या एका विद्यार्थ्याला कामाला घेत, आणि सरांनी सकाळीच तिचं नाव त्यांच्या कानावर घातलं होतं.

“हे आकडे तुझे?”

“हो, मॅडम.”

“जुन्नर समुद्रसपाटीपासून किती उंचावर आहे?”

“बऱ्यापैकी उंच आहे, मॅडम.”

“मग इथं पाणी शंभरला उकळेल?”

हवेचा दाब कमी झाला की पाणी कमी अंशालाच उकळतं, हे सरांनी स्वतःच चौथ्या प्रकरणात लिहिलं होतं, तेही इतक्या गोड मराठीत की वाचताना वाफ दिसावी. पण कमी दाब म्हणजे तो हिमालयात, असं सरांसकट सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. तो आपल्या कॉलेजातही असेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. पुस्तकासाठी प्रयोग करताना पारा शंभरच्या आतच थांबला, तेव्हा प्राचीनं सरांना बोलावून दाखवला होता. “थर्मामीटर म्हातारा झालाय,” सर म्हणाले होते. “हे शंभर धर, आणि जेवढं कमी पडलं तेवढंच पुढच्या सगळ्यांत मिळव.” नवे मागवलेले थर्मामीटरही तिथंच थांबले, तेव्हा सरांनी ते बनवणाऱ्यांचा उद्धार केला होता.

“घाबरू नकोस. पारा कुठं थांबला होता?”

“अठ्ठ्याण्णवच्या जरा अलीकडं.”

“मग त्याचे शंभर कुणी केले?”

सरांनी कठड्यावरचं डस्टर उचललं. पुसायला काहीच नव्हतं. प्राची बाकावरच्या आपल्या पुस्तकाकडं बघत राहिली. मराठीतल्या भागांची पानं हाताळून हाताळून मऊ पडली होती. हे पुस्तक आज नापास झालं, की पुढच्या मुलांपुढं पुन्हा ते जुनं, जाड पुस्तक येणार होतं. तिनं मुडपलेलं एक पान बोटानं सरळ केलं.

“मी केले,” ती म्हणाली.

“अगं ए, सरांनीच तर...” मागून स्वराज पुटपुटला. इंद्रायणीनं बाकाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

मॅडम फळ्याकडं वळल्या.

“सर, तुम्हाला हे माहीत होतं?”

सरांपुढं दोन रस्ते होते. त्यातला एक पोरीनं आयता झाडून ठेवला होता.

“मी मुलांवर विश्वास ठेवला, मॅडम,” सर म्हणाले. आवाजात दुःख होतं, आणि दुःख तेवढं खरं होतं.

मॅडमनी पुस्तक मिटलं, पिशवीत टाकलं.

“मराठीतलं लिखाण फार चांगलं जमलंय तुम्हाला. पुस्तक लावायला माझी हरकत नाही. तो तक्ता तेवढा स्वतः उभं राहून पुन्हा करा. आणि या मुलीचं नाव काढा त्याखालून.”

“काढतो,” सर लगेच म्हणाले.

दारापाशी मॅडम क्षणभर थांबल्या. प्राची अजून उभीच होती.

“सरांनी तुझं नाव सुचवलं होतं. पण रीडिंग बदलणारी मुलगी मला नाही चालायची. राग मानू नकोस.”

“नाही, मॅडम.”

गाडी फाटकाबाहेर गेली आणि सरांनी टेबलाच्या खणातून पेढ्यांचा बॉक्स काढला. पुस्तक पास झालं म्हणून स्वराजनं टाळ्या सुरू केल्या, मग त्या त्याच्याच हातात विरल्या. सर बाकांमधून पेढे वाटत गेले. प्राचीपाशी आले तेव्हा त्यांची नजर बॉक्समध्येच होती.

“बाळा, पुढच्या वर्षी आपण...” एवढं म्हणाले, आणि वाक्य तिथंच राहिलं. मुलांना वाक्यं वाटून देणाऱ्या माणसाला स्वतःचं एक पुरं करता आलं नाही.

प्राचीनं पेढा घेतला.

“सर, माझं मत कुणी विचारलंच नाही,” ती म्हणाली. “पुस्तक चांगलं आहे.”

सरांनी मान हलवली आणि घाईनं पुढच्या बाकाकडं सरकले.

तर त्या दुपारी मुलांना समजणारं पुस्तक मिळालं, सरांना नाव मिळालं, मॅडमना उजेडात पुणं गाठता आलं. सगळ्यांच्या पदरात भर पडली. मोजून दिलं ते एकट्या प्राचीनं, आणि तिला पोच द्यायला कुणाचीच तयारी नव्हती.