‘नाही कळलं’चं बटण

“वर्गात जी मुलगी कधीच काही विचारत नाही ना, तिच्याकडे आधी बघत जा,” असं आईनं लेकीला बजावलं होतं. आईची अख्खी नोकरी शाळेत गेली होती. लेक कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारी, म्हणून घरात तिला कौतुकानं मास्तरीणबाई म्हणत. मास्तरीणबाई तेव्हा एका हातानं आपल्या वर्षभराच्या पोरीला, ढमीला, भरवत होत्या आणि दुसऱ्या हातानं लॅपटॉप बडवत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “आई, खडू-फळ्याचे दिवस गेले. कोण कुठं अडलंय ते आता कॉम्प्युटरच सांगतो.”

“सांगतो तर सांगू दे बाई,” आई म्हणाली आणि तिनं ढमीचं तोंड पुसलं. विषय तिथंच मिटला.

पहिल्या वर्षाचं संख्याशास्त्र आता ऑनलाइन शिकवायचं, असं कॉलेजनं ठरवलं होतं आणि कोर्स तयार करायचं काम हिच्या गळ्यात पडलं होतं. का? तर “तुम्ही तरुण आहात.” तरुण खरीच. पण घरात न झोपणारं पोर, ढमीला जरा खोकला आला तरी हिच्या काळजाचं पाणी, आणि वर हा कोर्स. तरी तिनं जीव ओतला. तासभराच्या व्याख्यानाचे छोटे छोटे धडे केले. उदाहरणं बसच्या उशिराची, कॅन्टीनच्या रांगेची घेतली. आवाज घुमू नये म्हणून कपाटात डोकं घालून व्हिडिओ केले. “सरासरी म्हणजे...” म्हणावं आणि बाहेर ढमीनं काहीतरी आपटावं, असं कितीदा झालं.

प्रत्येक धड्याच्या शेवटी तिनं एक रिकामी चौकट ठेवली होती. ‘आज काय कळलं नाही? एक ओळ लिहा.’ ओळ लिहिल्याशिवाय पुढचा धडा उघडायचा नाही. पोरं लिहायची, ‘हे सगळं कशाला शिकायचं ते कळलं नाही.’ ‘मागे बाळ का रडतंय ते कळलं नाही.’ ती हसायची आणि एकेकाला उत्तर द्यायची. कारण त्या थट्टेमस्करीत मधूनच एखादी खरी शंका सापडायची.

पण विभागप्रमुख मॅडमना ती चौकट खुपली. या बाईंचं एकच पालुपद, ‘आकर्षक करा’, म्हणून स्टाफरूममध्ये त्यांचं नावच आकर्षक मॅडम पडलेलं.

“अहो, मुलं अर्ध्यातून पळतायत! टाइप करायचा कंटाळा येतो त्यांना. बटणं द्या, बटणं. चेहरे काढा वर. आकर्षक करा जरा.”

मग ते काम कॉम्प्युटर विभागातल्या माणसाकडे गेलं. काहीही सांगा, तो ‘बघूया’ म्हणायचा, म्हणून त्याला बघूयाच म्हणत. बघूयानं चौकट काढून दोन बटणं केली. हसरा चेहरा, ‘कळलं’. रडका चेहरा, ‘नाही कळलं’.

“रडकं दाबलं की धडा पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल, मॅडम. आणि तो पुढे पळवता येणार नाही. नाही कळलं तर पुन्हा बघायला नको का?”

त्याच वेळी पाळणाघरातून फोन आला. ढमीचं अंग गरम लागत होतं. “हो हो, चालेल, चालेल,” म्हणत ती पर्स उचलून पळाली.

आणि काय आश्चर्य! बघता बघता शिक्षकांच्या स्क्रीनवर ज्याच्या त्याच्या नावापुढे हिरवी खूण. आकर्षक मॅडम खूश. बघूयासुद्धा जन्मात पहिल्यांदा “झालं” म्हणाला.

सगळ्यांत हिरवी होती हजर. धडा उघडला रे उघडला की ही मुलगी हजेरीच्या रकान्यात सगळ्यांच्या आधी ‘हजर’ लिहायची, म्हणून वर्गानं तिचं बारसंच करून टाकलं होतं. प्रत्येक धडा पूर्ण, प्रत्येक वेळी हसरा चेहरा. कॉम्प्युटर आपणहून तिला निरोप पाठवायचा, ‘शाब्बास! तू सर्वांच्या पुढे आहेस!’ कोर्स सगळ्या कॉलेजला लागू करायचा तर हजरनंच सोमवारी प्राचार्यांपुढे चार शब्द बोलावेत, असं आकर्षक मॅडमनी परस्पर ठरवूनही टाकलं.

आणि नेमकी हजर गायब. तोंडी परीक्षेला आली नाही. फोन उचलेना. मास्तरीणबाईंचं डोकं फिरलं. इतकं कौतुक केलं तर हे नखरे! शेवटी जिन्यात तिची मैत्रीण सापडली.

“मॅडम, ती कॉलेज सोडतेय. सोमवारी नाव काढून घेणार.”

“काय? का पण?”

“म्हणते, माझ्या डोक्यात काही शिरत नाही.”

“तिच्या? अगं, तिचं तर सगळं हिरवं आहे!”

मैत्रिणीनं खांदे उडवले. “हिरवं तर माझंही आहे, मॅडम.”

शनिवारी दुपारी घरी यावं तर आई चष्मा लावून लॅपटॉपपुढे बसलेली, मांडीवर ढमी. लेकीनं काय दिवे लावलेत ते बघायची तिला हौस आली होती.

“काय गं, ही बाई पुन्हा पहिल्यापासून का बोलायला लागली?”

“बाई काय म्हणतेस? मीच आहे ना ती!”

“तूच. तिसऱ्यांदा नमस्कार करतेयस मला.”

“तू दाबलंस काय?”

“खरं ते दाबलं. ते मध्यक का काय, तेवढं नाही कळलं. मला अख्खं पुराण नको, तेवढंच हवंय. ते कुणाला विचारायचं?”

“आई, कटकट नको गं! ‘कळलं’ दाब आणि सूट एकदाची!”

बोलून गेली आणि आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं. तेवढ्यात ढमीनं दोन्ही हातांनी लॅपटॉपवर थाप मारली. हसरा चेहरा दाबला गेला, पडदा हिरवा झाला. ‘शाब्बास!’ ढमीला संख्याशास्त्र कळलं होतं.

आईनं चष्मा काढला आणि ढमीला तिच्या हातात दिलं.

मैत्रिणीकडून हजरचा पत्ता घेऊन, ढमीला काखेत मारून ती तशीच निघाली. हजरच्या खोलीच्या दाराबाहेर चपला होत्या. बेल वाजवली, दार ठोठावलं. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, “मॅडम, मी ठीक आहे. सोमवारी येते ना मी.”

इतका नीटनेटका आवाज, की ती मागे फिरलीच होती. पण पायरी उतरताना ढमीनं भोकाड पसरलं. तिला थोपटत तिथंच उभं राहावं लागलं. थोड्या वेळानं दार किलकिलं झालं.

“बाळाला पाणी हवंय का?”

आत पलंगावर अर्धी भरलेली बॅग, कोपऱ्यात सुतळीनं बांधलेली पुस्तकं. हजर खाली बघत बोलायला लागली.

“मी एकदाच ‘नाही कळलं’ दाबलं होतं, मॅडम. तुम्ही पुन्हा तेच बोललात. तेच उदाहरण, त्याच जागी तेच हसणं. म्हटलं, दोनदा सांगून कळत नाही म्हणजे खोट माझ्यातच आहे. मग ‘कळलं’च दाबत गेले. नंतर तर रोज ते शाब्बास यायचं. वाचायच्या आधीच मी ते बंद करायचे.”

“अगं, मग मला का नाही विचारलंस?”

“कुठे, मॅडम?”

मास्तरीणबाईंनी ढमीला खाली सोडलं, खिडकीतल्या पाण्याच्या लहानमोठ्या बाटल्या उंचीप्रमाणे रांगेत मांडल्या. “ही मधोमध आहे ना, ती मध्यक.” मग सगळ्यांत उंच बाटली उचलली आणि तिच्या जागी बादली आणून ठेवली. “आता सरासरी उंची कुठल्या कुठे गेली. पण ही मधली बघ, जागची हललीसुद्धा नाही.”

हजर बघत राहिली. मान हलवणार होती, तेवढ्यात थांबली.

“नाही... नाही कळलं, मॅडम. सरासरी का वाढली?”

मास्तरीणबाईंना वाटलं, हिला उचलून गरकन फिरवावं. त्या फरशीवर फतकल मारून बसल्या. पुन्हा पहिल्यापासून नाही, जिथं अडलं होतं तिथून.

सोमवारी प्राचार्यांपुढे कुणी बोललं नाही. बघूयाच्या टेबलापाशी मात्र खुर्ची ओढून एक बाई बसली होती.

“चौकट परत हवीय.”

“बघूया.”

“बघूया नाही. आत्ता. मी उठत नाही इथून.”

“अहो, हिरवं कमी होईल!” दारातून आकर्षक मॅडम ओरडल्या.

“होऊ दे.”

झालंच कमी. आकर्षक मॅडम अजून धड बोलत नाहीत तिच्याशी. पण दुसऱ्या दिवशी चौकटीत पहिली ओळ आली. ‘हजर. पण बादलीचं अजून नीट कळलं नाही.’

तुमच्याही माहितीत असं कुणीतरी असेल. समजावलं की लगेच ‘कळलं’, विचारलं की लगेच ‘ठीक आहे’. आज वेळ काढून त्याच्याकडे एक चक्कर टाकाल का? नुसत्या मेसेजवर भागवू नका. आणि दार लगेच उघडलं नाही, तर जिन्यात जरा थांबा.