न दिसणारं ठिगळ

मी एका तीन मजली घराचा जुना, बाहेरचा गिलावा आहे. मित्रांनो, भिंतीकडे मुद्दाम कोण बघतं? तरीही सांगतो, कारण उद्या मला खरवडून काढणार आहेत.

मी सिमेंट-वाळूचा नाही. लाकडी सांगाड्यावर फळ्या, त्यांवर थर्माकोलसारखे हलके तक्ते, मग जाळी, जाळीवर चिकट लेप आणि सर्वांत वर बारीक खड्यांचा रंगीत, खरबरीत थर, असा मी घडलो. ऊनपाऊस अंगावर घ्यायचा आणि आतल्यांना ऊब द्यायची, एवढंच माझं काम. वरच्या मजल्यावर खिडकीशी आजोबांची खाट होती. पाय लुळे पडल्यापासून ती खिडकी हेच त्यांचं अंगण. रस्त्यावरून कोण येतंय, हे घरात सर्वांत आधी त्यांना कळे.

पुढे त्या खिडकीच्या कोपऱ्यातून मला चीर गेली आणि पाणी आत शिरू लागलं. खिडकीखाली एक बारीक फट मुद्दाम ठेवलेली होती. तिच्यातून बरंचसं पाणी गळून जाई, पण बाहेर काळे ओघळ दिसत. सूनबाईंनी कारागिराला बोलावलं. जुन्या थराशी नवा थर तो असा जुळवायचा, की सगळे त्याला जादूगार म्हणत.

त्याने मला बोटाने दाबलं. बोट आत गेलं.

"आतून ओलं आहे, वहिनी. कापून, वाळवून मग भरावं लागेल. तोवर आजोबांना दुसऱ्या खोलीत..."

"मी मेल्यावर काप!" आजोबा आतून गरजले. "जादूगार म्हणवतोस ना? मग दाखव जादू!"

"ऐकलंत? माझ्या कानाला तर हे रोजचंच," सूनबाई म्हणाल्या. "न कापता, वरूनच काही होत नाही का?"

तो हसला. "होतं की! ठिगळ शोधून दाखवलंत तर नाव बदलीन."

त्याने चीर बुजवली, जाळी लावली, लेप दिला, थापीने गोल फिरवत खडे बसवले. आणि ओघळ पुन्हा दिसायला नकोत म्हणून ती खालची फटही बुजवून टाकली. मला ओरडता आलं असतं तर! लोक मान वर करून ठिगळ शोधत राहिले. आजोबा तर लहान मुलासारखे खूश झाले. खोटं कशाला बोलू, कौतुकाने मीही सुखावलो.

पण पाणी फक्त चिरेतून येत नव्हतं; खिडकीच्या वरच्या सांध्यातून ते येतच होतं, आणि आता त्याला बाहेर पडायला वाट उरली नव्हती. बाहेरून मी देखणा, आतून सांगाडा कुजत चाललेला. खाटेमागे बुरशी चढली. आजोबांना खोकला लागला. मग एका वादळी दुपारी खिडकी चौकटीसकट आत झुकली. सगळे धावले. आजोबांना उचलून खालच्या मागच्या खोलीत नेलं. तिथल्या खिडकीतून फक्त शेजारची भिंत दिसते. सुरुवातीला ते विचारत, "कोण आलं गं?" आता विचारत नाहीत.

पुन्हा पाणी शिरू नये म्हणून नव्या भिंतीत ती खिडकी ठेवणार नाहीत आणि आजोबांची खाट खालीच राहील, असं ठरलं आहे.

मित्रांनो, भिंतीवर ओल दिसली तर ती झाकू नका. आधी ती भिंत उघडा, वाळू द्या, पाण्याची वाट मोकळी ठेवा. आतलं माणूस रागावलं, रडलं, तरी त्याला थोडे दिवस दुसरीकडे हलवा. आमच्या आजोबांना ते थोडे दिवस नको होते. आम्ही सगळ्यांनी त्यांचं ऐकलं, आणि आता ते कायमचे त्या मागच्या खोलीत आहेत.