आधी उत्तर, मग धाव

“नळाच्या पाइपातून ठोके आले तर आधी उत्तर द्यायचं, मग धावायचं,” सासऱ्यांनी बजावलं होतं. सूनबाई तेव्हा बाळाच्या तोंडात औषधाचा चमचा कोंबत होती. “बाबा, हे घर आहे, जहाज नव्हे,” असं म्हणून तिने ते हसण्यावारी नेलं.

एरवी बाळ नुसतं शिंकलं तरी ती डॉक्टरांना फोन लावायची. पण सासऱ्यांच्या आरमारी सूचना आता तिच्या अंगवळणी पडल्या होत्या. ते नौदलात बॉयलरवर होते. युद्धात जहाजाला तडाखा बसला, वरचं झाकण अडकलं आणि ते खाली कमरेएवढ्या पाण्यात एकटे कोंडले गेले. हातातल्या पान्याने पाइप ठोकत राहिले. बऱ्याच वेळाने वरून तीन ठोके आले. झाकण उघडायला त्यानंतरही पुष्कळ वेळ लागला, पण त्या तीन ठोक्यांनी आपल्याला उभं ठेवलं, असं ते सांगत.

वरून ठोकणारा होता भोंगा. इंजिनाच्या घरघरीतही ज्याची हाक ऐकू यायची, तो त्यांचा दोस्त. म्हातारपणी घशाच्या ऑपरेशनात त्याचा आवाजच गेला. बायको त्याआधीच गेलेली. सासऱ्यांनी त्याला याच इमारतीत, दोन मजले खाली, घर बघून दिलं आणि त्याची जादा किल्ली आपल्या खुंटीला टांगली. नौदलातल्या कुणाचं पेन्शन अडो की कुणाला दवाखान्यात न्यायचं असो, सासरे पायाला भिंगरी लावून तयार. घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं, असं सासूबाई म्हणत, आणि वर त्यांच्याच पिशवीत पाण्याची बाटली ठेवत.

त्या दुपारीही सासू-सासरे दोघं एका जुन्या खलाशाला घेऊन कानाच्या डॉक्टरकडे गेली होती. बाळाचा नुकता कुठे डोळा लागला, आणि स्वयंपाकघरातल्या पाइपात टक टक टक सुरू झालं. वरच्या मजल्यावर प्लंबरने आठवडाभर सगळ्यांचं डोकं उठवलं होतं. बाळ दचकून रडायला लागलं तशी ती त्याला कडेवर घेऊन तरातरा वर गेली.

प्लंबर जिन्यात बसून डबा खात होता. त्याच्यासाठी जुळवून आणलेलं सगळं भांडण तिच्या तोंडातच राहिलं, कारण खालून टक टक टक चालूच होतं.

तिला सासऱ्यांचं बजावणं आठवलं. ती आल्या पावली घरात धावली, पळी उचलली आणि पाइपावर तीनदा हाणली. पाइप गप्प झाला. मग खालून असे धडाधड ठोके आले, की कडेवरचं बाळ रडायचं थांबून खदखदा हसलं.

हाक न मारता पाइप ठोकणारा माणूस इमारतीत एकच होता. खुंटीवरची किल्ली ओढून, हत्यारं घेऊन या असं प्लंबरला ओरडून सांगत ती जिना उतरली. तो तोंडातला घास गिळत मागोमाग. भोंगाकाकांचं दार उघडलं, तर बाथरूमच्या दाराखालच्या फटीतून पाणी वाहत होतं आणि आतून कडी होती. प्लंबरने बिजागऱ्या उचकटून दार बाजूला काढलं. तिने बाळ त्याच्या हातात कोंबलं आणि ती आत शिरली.

काका आडवे पडले होते. पाय अंगाखाली मुडपलेला, ओठ काळेनिळे, मुठीत वस्तऱ्याचा दांडा. नळ धो धो चालू. तिने नळ बंद केला, पाण्यातच बसली आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांचे ओठ नुसतेच हलले. मग त्यांनी तिच्या मनगटावर बोटाने तीनदा टकटक केलं.

“ताई, हे माझी मिशी उपटतंय,” बाहेरून प्लंबर म्हणाला.

“उपटू दे. तुम्ही आधी गाडी बोलवा.”

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, खुब्याचं हाड मोडलंय, पण चालतील. उशीर झाला असता तर मात्र गारठ्यानेच गेले असते. तेवढ्यात सासरे धापा टाकत पोचले.

“उत्तर दिलंस?”

“दिलं.”

“आधी?”

“आधी. मग धावले.”

सासरे मटकन बाकावर बसले. “त्या तीन ठोक्यांची परतफेड करायला मी जन्मभर धावलो,” ते म्हणाले, “आणि फेडलीस तू, तीही पळीने.”

खाटेवरून भोंगाकाकांनी लोखंडी कठड्यावर बोट आपटलं. सासऱ्यांनी उठून दुसऱ्या टोकाला उत्तर दिलं. मग ते दोघं थांबेचनात. शेवटी नर्सने डोळे वटारले.

तुमच्याही भिंतीपलीकडे कुणी एकटं राहत असेल. आज एवढं वाचून झालं की उठा, त्यांचं दार वाजवा, आणि आतून उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका.