पुऱ्या कोयत्याची उचल

"उसाच्या ग फडामंदी, पाचट रुतं पायी
हरी माझ्या बाळा हाती, कोयता येनार न्हाई."

कोपीच्या, त्या पाचटाच्या झोपडीच्या, तोंडाशी बसून, उसाच्या पानांनी ओरबाडलेल्या हातांना तेल लावता लावता अंजनाबाई हे म्हणायची, तेव्हा हरिओम सात वर्षांचा होता. गळा काही गोड नव्हता तिचा. दिवसभर मोळ्या वाहून बसलेला, खरबरीत आवाज. पण त्या आवाजात नवस होता, आणि तो फेडायला तिनं वीस हंगाम ऊस तोडला. हरिओम शिकला, बीएड झाला, शिरूर कासारच्या एका विनाअनुदानित शाळेत गणिताचा मास्तर झाला.

नऊ वर्षं त्यानं खडू धरला. आज ना उद्या अनुदान येईल म्हणून हातावर पडेल ते मुकाट घेतलं. अनुदान आलं नाहीच. गेल्या मार्चात संस्थेच्या अध्यक्षांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "सर, जूनपासून येऊ नका. पोरंच न्हाईत वर्गात." चहा फार गोड होता, एवढंच त्याच्या ध्यानात राहिलं.

चौतिसाव्या वर्षी नवी वाट धरायची म्हणजे वाहत्या ओढ्यात वहाण शोधण्यासारखं. गेवराईत शिकवणीवाल्यांना कोवळी पोरं हवी होती. चौसाळ्याला हमरस्त्यावरचा हॉटेलवाला निघाला त्याच्याच एका विद्यार्थ्याचा बाप. तो म्हणाला, "सर, तुमाला कप उचला म्हनायला माझी जीभ रेटंना." शेवटी बीडला सौर पंप बसवायचं शिकवणारा तीन महिन्यांचा वर्ग निघाल्याचं कळलं. शिवारात जिकडे तिकडे निळ्या काचा चमकायला लागल्याच होत्या. इथं आपलं गणित कामी येईल, असं त्याच्या मनानं घेतलं. पण वर्गाला फी होती, आणि दर मंगळवारी कर्जाच्या हप्त्यासाठी फायनान्सवाला दारात मोटरसायकल लावून हॉर्न वाजवत होता.

आषाढात ऊसतोड टोळीचा मुकादम बंकट उचल वाटत होता. हंगामाआधी मजुराला पैसे द्यायचे आणि हंगामभर तोडणीत ते फेडून घ्यायचे, ही उचल. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा.

"हे बग मास्तर," बंकट म्हणाला, "तू एकटा आलास तर अर्धा कोयता. आन् अर्ध्याला अर्धीच उचल."

अर्ध्या उचलीत फायनान्सवाल्याचं तोंड बंद झालं असतं. फीला काही उरलं नसतं.

"पुरा लिवा," हरिओम म्हणाला.

"वहिनीला इचारलं का?"

"इचारलं."

विचारलं नव्हतं. चार वर्षं अर्ज करून करून, त्याच्या बायकोला, धनश्रीला, नुकतंच अंगणवाडीत मदतनीस म्हणून घेतलं होतं. घरी येऊन त्यानं पैसे तिच्या हाती ठेवले आणि म्हणाला, शाळेनं थकलेला पगार दिला. धनश्रीनं देवापुढं दिवा लावला, पाच घरी साखर वाटली. "बगा, म्हनलं न्हवतं, कष्टाचं बुडत न्हाई?" तिनं त्याच्याही तळहातावर चिमूटभर ठेवली. ती त्यानं गिळली.

मनात त्याचा हिशेब सरळ होता. दसऱ्यापर्यंत वर्ग संपेल, काम लागेल, टोळीला न्यायला गाडी यायच्या आत बंकटची उचल परत करू. वर्ग संपला, कागदही मिळाला. पण जो तो दोन वर्षांचा अनुभव मागायचा. एका ठेकेदारानं आठ दिवस खांब उभे करून घेतले आणि नवव्या दिवशी भाच्याला आणलं. दसरा झाला. कोजागरी झाली. रोज सकाळी 'आज सांगू' म्हणून तो उठायचा, आणि धनश्री साडीला पिन लावून, हसत अंगणवाडीला निघाली की त्याच्या जिभेला गाठ पडायची.

मग एका दुपारी बंकट दारातच आला. अंजनाबाई ओट्यावर शेंगा फोडत होती.

"मावशी, झाली का तयारी? सोमवारी सकाळी गाडी हाय. वहिनीला म्हनावं, अंगावर घ्यायला जाडजूड घ्या. तिकडं थंडी लई."

"कुनाची तयारी?"

"तुमच्याच घरचा पुरा कोयता हाय की," बंकट हसला आणि पुढच्या घराकडं वळला.

अंजनाबाईनं लेकाकडं पाहिलं. लेक जमिनीकडं बघत होता. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती उठली, आत गेली, आढ्याला खोचलेला जुना कोयता काढला आणि दगडावर पाणी शिंपडून घासू लागली.

"आई, हे कावून?"

"जोडीला बाई लागती ना? मी हाय की."

"तुझी कंबर धड सरळ होत न्हाई."

"ऊस तोडायला वाकावंच लागतं. मी तर आदीच वाकलीय." तिनं धारेवरून अंगठा फिरवला. "मोळ्या तू वाहा. धनश्रीला सांगू, तू पंपाच्या कामावर गेलास आन् आई भावाकडं गेली म्हनून. पोरीची नोकरी नगं मोडायला. तुझ्या खोट्यात आजून एक खोटं, त्यात काय."

त्या क्षणी हरिओमला हायसं वाटलं. छातीवरचा धोंडा कुणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवावा, तसं. आणि मग, आपल्याला हायसं वाटलं, याचीच त्याला अशी शिसारी आली की तो तसाच, चपला न घालता, घराबाहेर पडला.

अंगणवाडीत पोरं जेवून उठली होती. धनश्री नळाखाली ताटल्या विसळत होती, एक शेंबडं पोर तिचा पदर धरून उभं.

"या मास्तर. खिचडी संपली बरं का, उशीर केला तुमी." मग तिचं लक्ष त्याच्या पायांकडं गेलं. "अनवानी? काय झालं? आईला बरं न्हाई का?"

'हो' म्हटलं असतं तर आजचा दिवस निघून गेला असता. आणि उद्याचाही. त्यानं नळ बंद केला.

"आईला काय झालं न्हाई. धनश्री, तो पगार न्हवता. बंकटची उचल हाय ती, पुऱ्या कोयत्याची. अर्ध्यात भागंना, म्हून तुला न इचारता तुजं नाव दिलं म्या. आन् आत्ता तुज्या जागी जायाला आई घरी कोयता घासत बसलीय."